क्षिप्रेकाठचे भैरवगढ

नदी आणि गड यांचे नाते फार जुने आहे. नदी पाणी देते, वाट दाखविते आणि एका बाजूने शत्रूला अडवूनही धरते. म्हणून ज्याला राज्य करावयाचे असते तो प्रथम नदीचे वळण शोधतो आणि मग त्या वळणावर भिंत उभारतो. जगाच्या पाठीवर कोठेही जा, हीच रीत दिसेल.

जर्मनी देशातील ऱ्हाइन नदीचे उदाहरण घ्या. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांना ज्या जर्मन फादरांनी अक्षरओळख करून दिली, त्यांचाच हा देश. तेथे बिंगेन आणि कोब्लेंझ या दोन गावांच्या दरम्यान, सुमारे ६५ किलोमीटरांच्या टापूत, नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून चाळीसच्या आसपास किल्ले उभे आहेत. काउब या गावापाशी तर एक किल्ला नदीच्या मध्यभागी, खडकाळ बेटावर बांधलेला आहे. चौदाव्या शतकात, १३२६-२७ च्या सुमारास, त्याचे काम सुरू झाले, ते कोणत्याही देशरक्षणासाठी नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून जकात वसूल करण्यासाठी! पुढे १६८९ साली फ्रेंच सैन्याने त्या काठावरील पुष्कळसे किल्ले उडवून दिले. मार्क्सबुर्ग नावाचा एक डोंगरी किल्ला तेवढा कधीच पडला नाही. त्याचाही एकोणिसाव्या शतकात काही काळ तुरुंग झाला होता. २००२ साली युनेस्कोने हा सारा टापू जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, आणि आज देशोदेशींचे प्रवासी नावेत बसून ते पडके बुरूज पाहत जातात.

वाचकहो, ऱ्हाइनकाठी जाण्याचा योग आपणांपैकी किती जणांना येणार? परंतु तशाच प्रकारचे एक नदीकाठचे गडगाव आपल्याच देशात आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या मराठी मुलखाशी, एवढेच नव्हे तर आपल्या वसईच्या किल्ल्याशीही गुंतलेला आहे. मध्य प्रदेशातील उज्जैन नगरीच्या उत्तरेस, क्षिप्रा नदीच्या काठी वसलेले भैरवगढ ते हेच. 'गढ' म्हणजे आपला 'गड'.

गेल्या हिवाळ्यात आम्हांस तेथे जाण्याचा योग आला. आमच्या घरातील एक मुलगी नोकरीनिमित्त उज्जैनला असते. तिच्या बिऱ्हाडी चार दिवस मुक्काम केला, आणि त्यांतील दोन दिवस भैरवगढाच्या गल्ल्यांतून व घाटांवरून हिंडण्यात घालविले. तेथे जे पाहिले आणि जे मनात आले, ते आपल्यापुढे मांडावे असे वाटते.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे. माती काळी, आणि खालचा खडकही काळाच. आपल्या सह्याद्रीचा आणि देशावरचा जो कातळ, त्याच ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा हा उत्तरेकडील विस्तार आहे. म्हणूनच की काय, तेथील शेते पाहताना परक्या प्रांतात आल्यासारखे वाटत नाही. या पठाराची दक्षिणेकडील कड म्हणजे विंध्य पर्वत. या कडेवर पडणाऱ्या पावसाचे दोन भाग होतात. दक्षिणेकडे वाहिलेले पाणी नर्मदेला मिळून अरबी समुद्रात जाते. उत्तरेकडे वाहिलेले पाणी क्षिप्रेत येते, क्षिप्रेतून चंबळेत, चंबळेतून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात!

क्षिप्रा ही काही मोठी नदी नव्हे. इंदूरच्या आग्नेयेस टेकड्यांत ती उगम पावते आणि सुमारे १९५ किलोमीटरांचा प्रवास करून चंबळेला मिळते. तिच्यावर ऱ्हाइनसारखी व्यापारी जहाजे कधी चालली नाहीत, म्हणून तिच्या काठी जकातीचे किल्लेही झाले नाहीत. तिचे पाणी पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळ्यात आटते. तरीही दोन-अडीच हजार वर्षे माणसे तिच्या काठाला चिकटून राहिली. का, ते पुढे पाहू.

उज्जैन शहर आणि भैरवगढ यांच्या मध्ये गढकालिका नावाचा भाग लागतो. प्राचीन उज्जयिनी याच ठिकाणी होती. १९५६ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले. त्यातून दिसून आले की, ख्रिस्तजन्मापूर्वी पाच-सहाशे वर्षांच्या सुमारास येथे मातीचा प्रचंड तट उभा होता. त्याची उंची सुमारे १२ मीटर, म्हणजे साधारण चार मजली घराएवढी होती, आणि भोवती सुमारे ४५ मीटर रुंदीचा खंदक होता. विचार करा, दगडाचा एक चिरा नाही, लोखंडाचे यंत्र नाही. केवळ टोपल्यांनी माती वाहून माणसांनी हा डोंगर रचला! आज त्या तटावर गवत वाढले आहे, आणि शेळ्या हाकणाऱ्या मुलांना आपण कशावर उभे आहोत याची कल्पनाही नसते.

या नगरीची कीर्ती समुद्रापलीकडेही गेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. तीत तो 'ओझेनी' म्हणजे उज्जयिनी या शहराचा उल्लेख करतो, आणि तेथून भडोच बंदरात गोमेदासारखे खडे व सुती कापड येते असे सांगतो. कापडाची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. भैरवगढात पोहोचल्यावर आपणांस तिची आठवण होणार आहे.

पुढे राज्ये आली आणि गेली. परमार राजे झाले. १२३४-३५ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान अल्तमश याने उज्जैन लुटले. मग मांडूचे खिलजी सुलतान माळव्याचे धनी झाले. भैरवगढाच्या पुढे काही अंतरावर कालियादह महाल आहे, तो त्यांच्या काळातील. तेथे क्षिप्रेचे दोन फाटे होऊन मध्ये बेट झाले आहे, आणि त्या बेटावर हा महाल उभा आहे. नदीचे पाणी दगडी नाल्यांतून आणि लहान-मोठ्या कुंडांतून असे खेळविले होते की, वैशाख वणव्यातही तेथे गारवा राहावा. काउबच्या बेटावरील जर्मन सरदाराने नदीतून पैसा काढला. या बेटावरील सुलतानाने नदीतून गारवा काढला. दोघेही गेले. कुंडे मात्र अजून आहेत.

महालाच्या दालनात अकबर आणि जहांगीर या बादशहांच्या भेटींचे फारसी शिलालेख आहेत. जहांगीर १६१७ साली येथे आला होता. उज्जैनजवळ एका गुहेत राहणाऱ्या जदरूप नावाच्या संन्याशाला भेटण्यासाठी तो स्वतः पायी गेला, आणि त्या भेटीचे वर्णन त्याने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या आदराने केले आहे.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट कळल्यास आनंद होईल. अकबराच्या आमंत्रणावरून १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून तीन जेज्वीट धर्मगुरू निघाले. त्यांत फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि फादर आंतोनियो मोन्सेरात हे होते. दमण-सुरतेकडून मांडू, सारंगपूर, ग्वाल्हेर अशा माळव्याच्या राजमार्गाने ते १५८० साली फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. हाच तो माळव्याचा मुलूख, हीच काळी माती. तीन वर्षांनंतर, १५८३ साली, फादर आक्वाविवा साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारले गेले, आणि १८९३ साली त्यांस धन्यवादित ही पदवी देण्यात आली. कालियादहाच्या पुलावर उभे असताना आम्हांस या धुळीने माखलेल्या प्रवाशांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आता मराठ्यांकडे वळू. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यातील अमझेरा येथे पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या लढाईत सुभेदार मारला गेला. त्यानंतरच्या वर्षांत माळव्याची वाटणी झाली, आणि उज्जैन राणोजी शिंदे यांच्याकडे आले. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे हे घराणे. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे देऊळ पुन्हा बांधविले.

चिमाजी अप्पा हे नाव ऐकताच वसईकर वाचकांचे कान टवकारले असतील. होय, तेच चिमाजी अप्पा! मे १७३९ मध्ये त्यांनीच वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्या मोहिमेत राणोजी शिंदेही होते. म्हणजे क्षिप्रेकाठी ज्यांनी आपली गादी मांडली, तेच आपल्या खाडीकाठीही आले होते. तेच सेनापती, तेच सरदार. एका काठी पडकी देवळे पुन्हा उठली, दुसऱ्या काठी गजबजलेले गिरजे हळूहळू ओस पडले. इतिहास हा असा आहे. एकाच्या विजयाची तिथी ती दुसऱ्याच्या घरातील दुःखाची तिथी असू शकते. हे ज्याला समजले, तो कोणत्याही पडक्या भिंतीपुढे ना फुशारकी मारील, ना शिव्याशाप देईल. तो तेथे थोडा वेळ उगाच उभा राहील.

भैरवगढाचे नाव ज्यावरून पडले ते काळभैरवाचे देऊळ प्राचीन स्थानावर आहे. तेथे परमारकाळातील मूर्ती सापडल्या आहेत. आजची इमारत मात्र मराठी वळणाची. भोवतीचा कोट किल्ल्यासारखा भक्कम आहे. आणि ती दीपमाळ पाहिली की जेजुरीची किंवा आपल्याकडील एखाद्या जुन्या देवळाची आठवण होते. तेथील लोक एक कथा सांगतात. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा घोर पराभव झाला. राणोजींचे पुत्र महादजी शिंदे त्या रणांगणातून कायमचा पाय अधू होऊन निसटले. राणाखान नावाच्या एका मुसलमान भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले, आणि महादजींनी त्याला पुढे जन्मभर भाऊ मानले. या महादजींनी उत्तरेत मराठी सत्ता पुन्हा उभी राहावी म्हणून काळभैरवापुढे आपली पगडी ठेवली, आणि यश आल्यावर देवळाचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. देवाच्या मस्तकी पगडी घालण्याची चाल आजही आहे. देवाला मद्याचा नैवेद्य दाखविण्याची तेथील प्रथा तर देशभर प्रसिद्ध आहे. आमचा धर्म निराळा, म्हणून आम्ही आदराने बाजूस उभे राहिलो. दुसऱ्याच्या देवघरात पाहुण्याने कसे वागावे, हे आमच्या आईने आम्हांस शिकविले आहे.

परंतु आमच्या मनात राहिला तो राजाही नव्हे आणि पगडीही नव्हे. राहिला तो पाणी वाहणारा राणाखान. एका भिस्त्याने वाचविलेल्या माणसाने पुढे दिल्लीच्या बादशहाला आधार दिला!

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे वारले. त्यांच्यामागे घराघरांत भांडणे लागली. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षी शिंद्यांच्या माणसांनी इंदूर लुटून सूड घेतला. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकर पुण्यावर चालून आले. बाजीराव पेशवे पळाले, आणि पळून आले ते कोठे? आपल्या वसईस! ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तेथे इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. क्षिप्रेकाठच्या भाऊबंदकीचा शेवट आमच्या खाडीकाठच्या सहीने झाला. १८१० साली दौलतरावांनी आपली राजधानी ग्वाल्हेरला नेली, आणि उज्जैन व भैरवगढ मागे राहिले.

धनी निघून गेला म्हणजे गडाचे काय होते? तट ढासळतात, दारे जळणाला जातात, बुरुजांवर पिंपळ उगवतात. भैरवगढाचेही तसेच झाले. आज माळव्यात भैरवगढ म्हटले की पुष्कळांना प्रथम तुरुंग आठवतो, कारण उज्जैनचे मध्यवर्ती कारागृह येथे आहे. आम्ही त्याच्या फाटकावरून गेलो तेव्हा दहा-बारा माणसे भेटीच्या वेळेची वाट पाहत बसली होती. बायकांच्या मांडीवर गाठोडी होती, एक म्हातारा पुन्हा पुन्हा हातातला कागद उलगडून पाहत होता. बंदीवासात असलेल्यांस भेटणे हे आपण दयेचे कृत्य मानतो. ती माणसे ते कृत्य नाव न घेता करीत होती. जुन्या तटाच्या भिंती पाहावयास प्रवासी येतात. या नव्या भिंतीकडे कोणी पाहत नाही. परंतु गावात आज जिवंत असलेला कोट हाच एक.

तेथून जवळच, नदीच्या काठी, सिद्धवट नावाचा वड आहे. प्रयागच्या अक्षयवटासारखे त्याला पावित्र्य आहे. कोणा एका बादशहाने तो तोडून त्यावर लोखंडी तवे ठोकले, तरी ते फोडून त्याला अंकुर फुटले, अशी लोककथा आहे. कथेचे खरेखोटे करण्यात अर्थ नाही. तोडूनही पुन्हा फुटणारे झाड हे त्या गावाचे चित्रच आहे, असे आम्हांस वाटले.

कारण राजे गेल्यावरही भैरवगढ ओस पडले नाही. ते जगविले कोणी? छिप्यांनी! छिपा म्हणजे कापडावर छपाई करणारा व कापड रंगविणारा. या समाजाची कुटुंबे, त्यांत मुसलमान पुष्कळ, भैरवगढात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पूर्वी ते लाकडी ठशांनी आदिवासी आणि शेतकरी स्त्रियांसाठी लुगडी, घागरे, ओढण्या आणि बसावयाची जाजमे छापीत. पुढे मेणाचे काम, ज्याला बाटिक म्हणतात, ते येथे रुजले, आणि आता तेच या गावाची ओळख झाली आहे. २०२३ साली उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. ओझेनीहून भडोचला कापड जात होते, हे वाचकांस आठवत असेलच. राजवंश किती बुडाले. कापडाचा धंदा मात्र त्याच नदीकाठी चालू आहे.

एका वृद्ध कारागिराच्या ओसरीवर आम्ही सकाळची दोन तास बसलो. काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. प्रथम कोरे कापड धुऊन त्याची खळ काढतात. मग वितळलेल्या मेणाने त्यावर नक्षी काढतात. मेण जेथे बसले तेथे रंग चढत नाही. कापड रंगाच्या कुंडीत बुडवितात. हा रंग थंड असावा लागतो, नाहीतर मेणच वितळून जाईल. पहिला रंग वाळला की पुन्हा मेण, पुन्हा दुसरा रंग, असे फिकटाकडून गडदाकडे जातात. हाताळताना मेणाला बारीक चिरा पडतात आणि त्यांत रंग शिरतो. म्हणून बाटिकाच्या कापडावर त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. कोणत्याही दोन कापडांवर त्या सारख्या नसतात. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घालून मेण काढतात, ते पुन्हा वापरतात, आणि मग धुणे सुरू होते. एक पाणी, दुसरे पाणी, तिसरे पाणी. रंग सुटावयाचा थांबेपर्यंत.

"एवढे पाणी आणता कोठून?" आम्ही विचारले.

"माझे वडील कापड नदीवर नेत," तो म्हणाला. "वाहत्या पाण्यात धरले की कापड आपोआप धुतले जाई. आता नळाचे, कूपनलिकेचे, नाहीतर टँकरचे. तट कोणत्या राजाने बांधला ते तुम्ही लिहिलेली माणसे सांगा. आज पाणी येणार की नाही, एवढेच आम्हांस रोज सकाळी माहीत असावे लागते."

"आणि हे रंगाचे पाणी कोठे जाते?" आमच्याबरोबर असलेल्या मुलीने विचारले. म्हाताऱ्याने हसून नदीच्या दिशेला हात केला. "जिच्याकडून घेतले तिलाच परत, बेटी. पण पूर्वी झाडपाल्याचे रंग होते, आता नाहीत. तेही खरेच आहे."

त्याच्या या सरळपणाने आम्हांस फार बरे वाटले. दोष दुसऱ्याच्या माथी मारणे किती सोपे होते!

आता त्या नदीविषयी. दर बारा वर्षांनी उज्जैनला सिंहस्थ मेळा भरतो. २००४ साली भरला, २०१६ साली भरला, आणि पुढला २०२८ साली आहे. लक्षावधी लोक क्षिप्रेत स्नान करण्यासाठी येतात. परंतु जंगले तुटल्यामुळे आणि काठच्या शेतांनी विहिरी-पंपांनी पाणी ओढून घेतल्यामुळे क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःचे पाणीच उरले नाही. शिवाय इंदूर शहराचे सांडपाणी पोटात घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या बाजूस तिला मिळते. मग काय केले? नर्मदेचे पाणी पंपांनी साडेतीनशे मीटरांच्या आसपास वर उचलून, विंध्याच्या कडेवरून नळांतून आणून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे पाणी प्रथम क्षिप्रेत आले. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी विजेच्या बळावर मागे फिरविले आणि बंगालच्या उपसागराकडे लावले! माणसाची विद्या थोर खरी. परंतु जी नदी कोणाचे बिल न देता हजारो वर्षे वाहत होती, ती आता विजेच्या बिलावर वाहते, हेही विसरता येत नाही.

कान्हेच्या घाण पाण्यासाठी २०१६ च्या सिंहस्थापूर्वी आणखी एक युक्ती केली. ते पाणी स्नानाच्या घाटांना वळसा घालून जमिनीखालच्या मोठ्या नळांतून पुढे नेले, आणि सोडले ते कालियादह महालाच्या बाजूस. घाट वाचले, पण खालच्या अंगाची गावे? ज्या कुंडांत सुलतानाने गारव्यासाठी पाणी खेळविले, त्यांच्या शेजारी आम्ही नाकाला रुमाल लावून उभे होतो. २०२८ पूर्वी हे पाणी याहून लांब नेण्याचे काम हाती घेतले आहे. ते यशस्वी होवो. पण घाण पुढे ढकलणे आणि घाण होऊ न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सांगावयास कोणी इंजिनियर नको. आपल्या गावातील कोणतीही गृहिणी सांगेल.

वाचकहो, भैरवगढ पाहून आम्ही एकच गोष्ट शिकलो. तट पडला म्हणून गाव मरत नाही. गढकालिकेचा मातीचा तट गेला, सुलतानांचा महाल पडला, शिंद्यांची राजधानी दूर गेली, गाव राहिले. कारण पाणी होते, आणि पाण्यावर पोट भरणारा कारागीर होता. मात्र पाणी गेले, तर सोन्याचा तट बांधूनही गाव राहणार नाही. फत्तेपूर सिक्रीचे लाल दगडी वाडे अजून शाबूत आहेत, पण अकबराची ती राजधानी पंधरा वर्षेही नांदली नाही. पाण्याची टंचाई हे तिच्या ओस पडण्याचे एक कारण सांगतात.

मग आपल्या वसईचे काय? आपल्या किल्ल्याविषयी आपणांस अभिमान आहे आणि तो असावाही. त्याच्या पडक्या गिरजांपुढे उभे राहून आपण पूर्वजांचे स्मरण करतो. परंतु वसईला वसई केले ते एकट्या किल्ल्याने नव्हे. ते केले वाड्यावाड्यांतील बावखलांनी. आपल्या पूर्वजांनी खोदलेल्या या गोड्या पाण्याच्या तळ्यांनी पावसाचे पाणी धरून ठेवले, विहिरी गोड राखल्या, समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत येऊ दिले नाही. त्यांच्याच जिवावर केळी, पानवेली आणि फुलबागा पिकल्या. बावखलावर कोणाचा शिलालेख नाही, आणि त्यासाठी कोणी लढाईही केली नाही. म्हणूनच ती बुजविताना कोणाला हळहळ वाटत नाही. किल्ल्याचा एक दगड हलला तर वर्तमानपत्रात पत्रे येतात. बावखलात भरावाचे ट्रक रिकामे होतात तेव्हा आपण खिडकी लावून घेतो. कित्येक बावखले अशी गेली. ज्यांच्या विहिरी त्यामुळे मचूळ झाल्या, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावयास नको.

ज्यांचे गाव वसईत नाही, देशावर आहे, त्यांनी बावखलाऐवजी आपला ओढा, आपली बारव, आपले पाझरतळे मनात आणावे. प्रत्येक गावाची एक क्षिप्रा असते.

आमची विनंती लहानशी आहे. या उन्हाळ्यात मुलाबाळांना किल्ला दाखवावयास न्याल तेव्हा परतताना त्यांना आपल्या वाडीचे बावखलही दाखवा. ते कोणी खोदले, त्यात कोण पोहायला शिकले, त्यावर कोणाची बाग पिकली, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांना ऐकवा. आणि जर ते कोरडे पडले असेल किंवा कचऱ्याने भरले असेल, तर चार घरे मिळून पावसाळ्यापूर्वी त्यातील गाळ काढा. राजाची वाट पाहू नका. भैरवगढाचे राजे दोनशे वर्षांपूर्वीच निघून गेले. रंगाने माखलेल्या हातांनी तो म्हातारा मात्र आज सकाळीही पाणी आले की नाही हे पाहत असेल.